औषधे कमी करण्यापासून सुरू झालेला उपचार

प्रत्यारोपित मूत्रपिंड टिकवण्यासाठी जी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात, त्यांच्यामुळे काही कर्करोगांचा धोका वाढतो, हे मला शस्त्रक्रियेपूर्वीच सांगण्यात आले होते. आयजीए नेफ्रोपथीने माझी दोन्ही मूत्रपिंडे निकामी केल्यावर २०१२ साली आईने आपले एक मूत्रपिंड मला देण्याचे ठरवले. जवळच्या नात्यातील दाता असल्यामुळे कागदपत्रांचा व्याप तुलनेने कमी होता, तरी १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार नात्याचे पुरावे, दोघींच्या ऊतींची जुळणी, मुलाखत हे सारे यथासांग झाले आणि त्या कागदांतील धोक्यांच्या यादीत एक ओळ कर्करोगाची होती. आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडून घेणाऱ्या माणसाला त्या ओळीचे फारसे भय वाटत नाही. डायलिसिस आजचे होते आणि कर्करोग झालाच तर पुढे कधीतरी. हा हिशेब तेव्हा बरोबर होता आणि आजही मला तो बरोबरच वाटतो. तरीही ती ओळ माझ्या बाबतीत खरी ठरली. ती कशी खरी ठरली आणि तिच्यावर काय उपाय झाला, हे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण ‘प्रतिकारशक्ती कमी झाली की कर्करोग होतो’ हे सर्रास केले जाणारे विधान इतके ढोबळ आहे की त्यातून रुग्णाच्या हाती काहीच लागत नाही.

मी सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. टी-पेशी, बी-पेशी, प्रतिपिंडे ही माझी रोजची भाषा, परंतु प्रत्यारोपणानंतर तिचा अर्थ स्वतःच्या देहावर उलगडू लागला. परका अवयव शरीरात आला की टी-पेशी त्याला ओळखतात, इंटरल्यूकिन-२ या रसायनाच्या साहाय्याने आपली संख्या झपाट्याने वाढवतात आणि त्या अवयवावर चालून जातात. मला मिळालेल्या तीन औषधांपैकी टॅक्रोलिमस हे मुख्य. १९८४ साली जपानमधील त्सुकुबा येथील मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून ते मिळाले. टी-पेशींमधील कॅल्सिन्यूरिन या विकराचे काम अडवून ते इंटरल्यूकिन-२ तयारच होऊ देत नाही. दुसरे मायकोफेनोलेट, जे लिम्फोसाइट पेशींचे, म्हणजे टी आणि बी या दोन्ही पेशींचे, विभाजन रोखते, आणि तिसरे प्रेडनिसोलोन, म्हणजे साध्या बोलीत स्टेरॉइड. टॅक्रोचे प्रमाण रक्तात थोडे वाढले तर मूत्रपिंडालाच विषारी ठरते आणि थोडे घटले तर शरीर मूत्रपिंड नाकारू लागते. म्हणून ‘लेव्हल’ सतत तपासावी लागते. आदल्या रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचे, असा तिचा दंडक. पपनसासारख्या फळाने ही लेव्हल वर जाऊ शकते, म्हणून ते फळ घरात येणे बंद झाले. या सगळ्याची सवय होते. ज्याची सवय होत नाही ती गोष्ट वेगळी आहे. परके मूत्रपिंड कोणते आणि परका विषाणू कोणता, हा भेद या औषधांना करता येत नाही, याची जाणीव प्रत्येक सर्दीला नव्याने होते.

शस्त्रक्रिया २०१३ च्या सुरुवातीला पुण्यात झाली आणि पुढची पाच वर्षे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे द्रव्य, १.२ च्या आसपास राहिले. २०१८ च्या पावसाळ्यात संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, रात्री घामाने उशी भिजू लागली, वजन उतरले आणि मानेच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ हाताला लागली. मानेची गाठ आणि संध्याकाळचा ताप म्हटले की आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा येतो आणि तो यावाच, कारण प्रत्यारोपण झालेल्या भारतीय रुग्णांत क्षय खरोखरच पुष्कळ आढळतो. सांगलीतील एका डॉक्टरांनी वेळ न घालवता क्षयाची औषधे सुरू करण्याचा सल्ला दिला. त्यांचा तर्क चुकीचा नव्हता, पण त्या औषधांतील रिफॅम्पिसिन यकृतातील विकरांना इतके चेतवते की टॅक्रोलिमसचे विघटन कित्येक पटींनी वेगाने होऊ लागते, रक्तातील लेव्हल कोसळते आणि मूत्रपिंड धोक्यात येते. पुण्याच्या नेफ्रॉलॉजिस्टांनी, म्हणजे मूत्रपिंडविकारतज्ज्ञांनी, फोनवरच सांगितले, “गाठ काढून तपासल्याशिवाय एकही गोळी सुरू करायची नाही. क्षय निघाला तर आपण रिफॅम्पिसिनशिवाय उपचार बांधू, पण आधी गाठ बघू.”

सुईने काढलेल्या नमुन्यात काही ठरवता आले नाही. माझ्यासारख्या रुग्णांत तो नमुना बहुधा अपुराच पडतो, कारण पेशी कशा आहेत एवढे पाहून भागत नाही, संपूर्ण ग्रंथीची रचना बिघडली आहे का हे पाहावे लागते. म्हणून त्या जागेपुरती भूल देऊन अख्खी ग्रंथी काढली. तिचा एक तुकडा क्षयाच्या सीबी-नॅट चाचणीसाठी गेला आणि उरलेला पॅथॉलॉजीकडे. सीबी-नॅट निगेटिव्ह आली. पॅथॉलॉजीचा अहवाल यायला मात्र बराच वेळ लागला, आणि तो आल्यावरही खात्रीसाठी मेणाचे ब्लॉक दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवण्यात आले. अशा आजारात दुसरे मत घेणे हा संशयखोरपणा नव्हे, ती रीतच आहे, असे मला दोन्हीकडच्या डॉक्टरांनी सांगितले. दोन्ही अहवाल जुळले. पीटीएलडी, म्हणजे प्रत्यारोपणानंतर होणारा लिम्फोसाइट पेशींच्या अनिर्बंध वाढीचा विकार, त्यातला मोनोमॉर्फिक प्रकार, डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे बी-पेशींचा कर्करोग, सीडी-२० पॉझिटिव्ह, ईबर पॉझिटिव्ह. नवरा अहवालातील प्रत्येक शब्द फोनवर शोधत बसला. मी सीडी-२० आणि ईबर या शेवटच्या दोन नोंदींवर थांबले, कारण पुढचे सारे त्या दोहोंवर ठरणार होते.

ईबर ही चाचणी पेशीच्या आत एपस्टीन-बार विषाणूचे अस्तित्व दाखवते. हा विषाणू १९६४ साली लंडनमध्ये अँथनी एपस्टीन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांनी शोधला. युगांडातील मुलांच्या जबड्यांत होणाऱ्या, डेनिस बर्किट यांनी वर्णन केलेल्या गाठींच्या पेशींत तो त्यांना दिसला आणि माणसाच्या कर्करोगाशी संबंध जोडला गेलेला तो पहिला विषाणू ठरला. परंतु तो दुर्मीळ मुळीच नाही. जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतोच, आपल्याकडे तर बहुतेकांना लहानपणीच, कुणाच्या लक्षातही न येता, त्याचा संसर्ग होऊन जातो. एकदा आला की तो बी-पेशींमध्ये कायमचा मुक्काम करतो आणि त्या पेशींना सतत विभाजित व्हा असा हुकूम देण्याची क्षमता राखून असतो. निरोगी माणसात टी-पेशी अशा हुकमाखाली गेलेल्या बी-पेशी हुडकून मारतात, आणि हे काम जन्मभर अविरत चालते. माझ्या टी-पेशींचे हात पाच वर्षे बांधलेले होते. म्हणजे कर्करोग बाहेरून आला नव्हता आणि आईच्या मूत्रपिंडातूनही आला असे मानण्याचे कारण नव्हते. जे माझ्या शरीरात आधीपासून दबून होते त्याच्यावरचा पहारा आम्ही स्वतः, जाणूनबुजून आणि योग्य कारणासाठी, सैल केला होता.

त्यानंतर पेट-सीटी झाली. उपाशीपोटी जायचे, साखर तपासायची, किरणोत्सारी ग्लुकोजचे इंजेक्शन घेऊन एका खोलीत न बोलता पडून राहायचे आणि मग यंत्रात. चित्रांमध्ये मान, काख आणि पोटातील काही ग्रंथी चमकत होत्या. ओटीपोटाच्या उजव्या बाजूला एक मोठा प्रखर ठिपका पाहून माझ्या पोटात गोळा आला, तेव्हा तंत्रज्ञांनी समजावले की ते आईचे मूत्रपिंड आहे. हे ग्लुकोज लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे काम करणारे मूत्रपिंड चमकणारच. रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजणाऱ्या चाचणीतही एपस्टीन-बार बराच वर गेलेला दिसला.

“केमो कधी सुरू होणार?” असे मी नेफ्रॉलॉजिस्ट आणि रक्तविकारतज्ज्ञ दोघेही समोर असताना विचारले. उत्तर आले, “आधी तुमची औषधं कमी करायची आहेत.” मायकोफेनोलेट त्याच दिवशी बंद, टॅक्रोलिमस निम्म्यावर, प्रेडनिसोलोन तेवढे चालू. याला आधार आहे. अमेरिकेतील प्रत्यारोपण शल्यविशारद थॉमस स्टार्झल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली असे रुग्ण नोंदवले होते ज्यांच्या लिम्फोमाच्या गाठी केवळ प्रतिकारदमनाची औषधे घटवल्यावर किंवा थांबवल्यावर विरघळल्या. कर्करोगावर पहिला उपचार म्हणून रोग्याकडून औषध काढून घ्यायचे, हे कर्करोगशास्त्रात अन्यत्र क्वचितच घडत असेल. मला स्वतःला प्रतिकारशक्ती आणि कर्करोग यांच्या नात्याचा याहून स्वच्छ पुरावा कुठल्या पुस्तकात सापडला नाही.

अडचण उघड होती. पहारा परत उभा राहिला की तो आधी विषाणूने बिघडवलेल्या पेशींकडे वळेल की आईच्या मूत्रपिंडाकडे, हे कुणी सांगू शकत नव्हते. आई त्या बैठकीला आली होती. बोलणे बरेच लांबल्यावर तिने डॉक्टरांना विचारले, “मूत्रपिंड गेलंच, तर हिला परत डायलिसिस करता येईल ना? मग थांबायचं कशासाठी?” डॉक्टर क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आजी, आम्हाला तेच सांगायचं होतं, तुम्ही सोपं केलंत.” हृदयाचे किंवा यकृताचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाची औषधे इतक्या धीटपणे कमी करता येत नाहीत, कारण तो अवयव गेला तर मागे दुसरा आधार नसतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाला डायलिसिसचा आधार असतो. ज्या यंत्रापासून सुटण्यासाठी सारा खटाटोप केला तेच या वेळी धीर देणारे ठरले.

पुढील आठवडे मी दोन आकड्यांकडे डोळे लावून काढले. क्रिएटिनिन हळूहळू १.६ पर्यंत चढले आणि तिथे थांबले. आईच्या ऊतींविरुद्ध माझ्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली आहेत का, हे पाहणारी चाचणी निगेटिव्ह राहिली. गाठी लहान झाल्या, ताप उतरला, परंतु गाठी पूर्ण गेल्या नाहीत. प्रत्यारोपणानंतर पहिल्या वर्षात होणाऱ्या पीटीएलडीच्या तुलनेत उशिरा होणारा मोनोमॉर्फिक प्रकार केवळ औषधे घटवून आटोक्यात येण्याची शक्यता कमी, हे आधीच सांगितलेले होते, त्यामुळे निराशा झाली तरी धक्का बसला नाही. याच सुमारास, ऑक्टोबर २०१८ मध्ये, जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना प्रतिकारसंस्थेचे ‘ब्रेक’ काढून कर्करोगावर मात करण्याच्या संशोधनासाठी नोबेल जाहीर झाले आणि किमान पाच नातलगांनी मला ती बातमी पाठवली. ती औषधे अनेकांसाठी जीवनदायी आहेत यात शंका नाही, पण प्रत्यारोपित मूत्रपिंड असलेल्यांपैकी बऱ्याच जणांत त्याच औषधांनी चेतवलेल्या टी-पेशी त्या मूत्रपिंडावर तुटून पडतात. शिवाय माझ्या पेशींवर सीडी-२० हे चिन्ह होते, म्हणजे अधिक नेमके शस्त्र उपलब्ध होते.

ते शस्त्र म्हणजे रिटुक्सिमॅब. सीडी-२० धारण करणाऱ्या बी-पेशींना चिकटून त्यांचा नाश करणारे हे प्रतिपिंड १९९७ साली अमेरिकेत मान्य झाले आणि २००७ साली हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची भारतीय आवृत्ती आणली, त्यामुळे आमच्यासारख्या पगारदार घराला निदान विचार करता येईल इतकी त्याची किंमत खाली आली होती. ते देण्याआधी काविळीच्या ब विषाणूसाठी दोन चाचण्या होतात. एक आज संसर्ग आहे का ते सांगते, दुसरी पूर्वी कधी होऊन गेला आहे का ते. जुना, झोपलेला ब विषाणूही बी-पेशी नाहीशा झाल्यावर उसळून यकृत निकामी करू शकतो, म्हणून दुसरी चाचणी टाळू नये, हे इथे मुद्दाम नोंदवते. पहिल्या सलाईनच्या वेळी अर्ध्या तासात अशी हुडहुडी भरली की डे-केअरमधील सिस्टरांनी सलाईन थांबवून ब्लँकेटे घातली, पुन्हा इंजेक्शने दिली आणि मग थेंब मंद करून दिवसभर ते चालवले. दुसऱ्या वेळेपासून काही त्रास झाला नाही. दर आठवड्याला एक याप्रमाणे चार मात्रा झाल्यावर पुन्हा पेट-सीटी केली, तर चमकणाऱ्या ग्रंथी नाहीशा झालेल्या. हे माझे नशीब म्हणावे लागेल. युरोपात ज्या मोठ्या चाचणीने ही पद्धत रूढ केली तिच्यात केवळ रिटुक्सिमॅबच्या चार मात्रांनी रोग पूर्णपणे दिसेनासा झालेले रुग्ण साधारण चौथा हिस्सा होते, बाकीच्यांना पुढे केमोथेरपी द्यावी लागली. मला दर तीन आठवड्यांनी आणखी चार मात्रा देऊन उपचार संपवण्यात आला. केस गेले नाहीत, त्यामुळे महाविद्यालयातील अर्ध्या सहकाऱ्यांना मला कर्करोग झाला होता हे आजही खरे वाटत नाही.

उपचाराच्या काळात, रजेवर असताना, मी पुष्कळ वाचले. मूळ प्रश्न एकच होता, आता आणखी कोणते कर्करोग माझ्या वाट्याला येऊ शकतात? अमेरिकेतील पावणेदोन लाखांच्या आसपास प्रत्यारोपित रुग्णांच्या नोंदी कर्करोगाच्या नोंदवह्यांशी जोडून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकंदर धोका सर्वसामान्यांच्या दुप्पट आढळला. ‘दुप्पट’ हा शब्द भीतिदायक आहे, परंतु तो सगळ्या कर्करोगांना सारखा वाटलेला नाही. नॉन-हॉजकिन लिम्फोमाचा धोका सातपटींहून अधिक, तर काही कर्करोगांत वाढ जवळपास नाहीच. याहून उद्बोधक वाटला तो २००७ सालचा ऑस्ट्रेलियन संशोधकांचा अभ्यास, ज्यात एचआयव्ही बाधितांचे आणि प्रत्यारोपण झालेल्यांचे कर्करोग शेजारी शेजारी ठेवून पाहिले होते. या दोन गटांची वये, राहणी, आजारांची कारणे यांत काहीही साम्य नाही, साम्य एवढेच की दोघांच्या टी-पेशी दुबळ्या. आणि दोन्ही याद्या विलक्षण जुळल्या. एपस्टीन-बारशी निगडित लिम्फोमा, एचपीव्हीमुळे होणारे गर्भाशयमुखाचे आणि गुदद्वाराचे कर्करोग, ब आणि क काविळीतून होणारा यकृताचा कर्करोग, कापोसी सार्कोमा, असे विषाणूंशी नाते असलेले कर्करोग दोन्हीकडे वाढलेले. स्तनाचा आणि प्रोस्टेटचा कर्करोग, जे सर्वसाधारण लोकांत सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी आहेत, ते मात्र दोन्हीकडे वाढलेले नव्हते.

हे वाचून माझी भीती कमी झाली असे नाही, पण तिला आकार आला. मावशीला स्तनाचा कर्करोग झाला होता म्हणून मी जी धास्ती बाळगून होते, तिचा माझ्या गोळ्यांशी संबंध नव्हता, ती इतर कोणत्याही बाईला असावी तेवढीच रास्त होती. गर्भाशयमुखाची तपासणी, जी मी आळसाने नव्हे तर कुणी सांगितलेच नाही म्हणून कधी केली नव्हती, ती मात्र माझ्यासाठी इतरांपेक्षा अधिक निकडीची होती. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांत हा कर्करोग सुमारे सहापट आढळतो, आणि म्हणून जागतिक आरोग्य संघटना त्यांना ३० ऐवजी २५ व्या वर्षापासून, आणि अधिक कमी अंतराने, तपासणी करण्यास सांगते. प्रत्यारोपित स्त्रियांच्या बाबतीतही तर्क तोच लागू होतो.

शिक्षकी पेशामुळे असेल, मला या विचाराचा इतिहासही रंजक वाटला. प्रतिकारसंस्था कर्करोगाच्या पेशी उगवताच खुडत असावी, असे पॉल एर्लिख यांनी १९०९ सालीच सुचवले होते आणि १९५० च्या दशकात मॅकफार्लेन बर्नेट यांनी ती कल्पना नव्याने मांडली. मग १९७४ साली टी-पेशी जिथे घडतात ती थायमस ग्रंथी नसलेल्या उंदरांवरील प्रयोगांत कर्करोग वाढलेले दिसले नाहीत आणि ही कल्पना जवळजवळ मोडीत निघाली. त्या उंदरांमध्ये नैसर्गिक मारक पेशी शाबूत होत्या आणि त्यांची प्रतिकारशक्ती वाटली तितकी शून्य नव्हती, हे पुढे स्पष्ट झाले. २००१ साली रॉबर्ट श्रायबर यांच्या गटाने लिम्फोसाइटच नसलेल्या उंदरांत गाठी अधिक होतात हे दाखवून दिले. मला मात्र उंदरांपेक्षा १९६० च्या दशकातील काही रुग्णांच्या हकिगती अधिक बोलक्या वाटतात. दात्याच्या मूत्रपिंडाबरोबर न कळत त्याच्या कर्करोगाच्या पेशीही रोपल्या गेल्या, त्या वाढल्या, आणि प्रतिकारदमनाची औषधे थांबवल्यावर शरीराने मूत्रपिंडासोबत तो कर्करोगही नाकारला. विषाणूंचा इथे संबंध नव्हता. म्हणजे विषाणूंना आवरणे हे प्रतिकारसंस्थेचे मोठे काम असले तरी एकमेव नव्हे. औषधांचा स्वतःचाही थोडा हात असतो, उदाहरणार्थ पूर्वी सर्रास दिले जाणारे ॲझाथायोप्रिन त्वचेला अतिनील किरणांबाबत अधिक हळवे करते. गोऱ्या कातडीच्या प्रत्यारोपित रुग्णांत त्वचेचे कर्करोग जे प्रचंड वाढतात त्यामागे ऊन, विषाणू, दुबळा पहारा आणि औषध हे सारे एकत्र असते. आपल्या सावळ्या कातडीत ते प्रमाण खूपच कमी आहे, तरी त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षातून एकदा सर्वांगाची पाहणी करण्यास सांगितले आहे.

लिम्फोमा गेल्यावर टॅक्रोलिमस पूर्ण बंद करून मला सिरोलिमसवर आणण्यात आले. ईस्टर बेटावरील मातीतल्या जिवाणूपासून मिळालेले हे औषध प्रतिकार दाबतेच, पण पेशींच्या वाढीचा एमटॉर नावाचा मार्गही अडवते. ज्या प्रत्यारोपित रुग्णांना आधीच त्वचेचा कर्करोग होऊन गेला होता त्यांच्यात या बदलाने नवे कर्करोग कमी झाल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले होते. पीटीएलडीच्या बाबतीत पुरावा इतका ठाम नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगून मगच निर्णय माझ्यावर सोपवला. तोंडात वारंवार छाले, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि पायांवर सूज ही त्याची किंमत मी मोजते आहे. वार्षिक तपासणीत आता एचपीव्ही चाचणी, त्वचा, मानेच्या आणि काखेच्या ग्रंथी आणि माझ्या मूळच्या दोन मूत्रपिंडांची सोनोग्राफी असते. प्रत्यारोपणात जुनी मूत्रपिंडे सहसा काढत नाहीत हे पुष्कळांना ठाऊक नसते. ती आक्रसून तशीच राहतात, त्यांच्यात पाण्याच्या गाठी होतात आणि कधी कर्करोगही.

२०२० साली करोनाची साथ आली आणि ‘इम्युनिटी’ हा घरोघरचा शब्द झाला. काढे, गुळवेलीच्या गोळ्या, कसकसली चूर्णे भेट म्हणून येऊ लागली आणि देणाऱ्यांचा युक्तिवाद ऐकायला निरुत्तर करणारा होता. “तुझी तर प्रतिकारशक्ती कमी, तुलाच याची जास्त गरज.” मी त्यातले काहीच घेतले नाही. एखादे चूर्ण खरोखर टी-पेशींना चेतवत असेल तर त्यांना सर्वांत जवळचे परके लक्ष्य आईचे मूत्रपिंडच सापडणार, आणि चेतवत नसेल तर ते घेण्याचे कारण उरत नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली तेव्हा काही जणांचा आग्रह ओसरला, सर्वांचा नाही. लशी मात्र मी सगळ्या वेळेवर घेतल्या.

आज क्रिएटिनिन १.९ आहे आणि हळूहळू वर सरकते आहे. नेफ्रॉलॉजिस्टांनी गेल्या भेटीत दुसऱ्या प्रत्यारोपणाचा विषय काढला. पीटीएलडी बरा होऊन पुरेसा काळ लोटल्यावर ते करता येते आणि धाकट्या भावाने तयारी दाखवली आहे. त्याला मी सगळे सांगितले, हे मूत्रपिंडही कायम टिकेल याची खात्री नाही आणि तो आजार परतण्याची शक्यता शून्य नाही, हेही. टी-पेशींचा एकदम संहार करणारे अँटी-थायमोसाइट ग्लोब्युलिन शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायचे नाही, यावर दोन्ही डॉक्टरांचे एकमत आहे. पण सिरोलिमसमुळे जखम नीट भरत नाही, म्हणून ते शस्त्रक्रियेपूर्वी थांबवावेच लागेल, आणि त्याच्या जागी निदान काही महिने पुन्हा टॅक्रोलिमसच द्यावे लागेल. त्याची लेव्हल किती ठेवायची यावर नेफ्रॉलॉजिस्ट आणि रक्तविकारतज्ज्ञ यांच्यात अजून चर्चा चालू आहे, आणि तोवर रक्तातील एपस्टीन-बारचे प्रमाण दर तीन महिन्यांनी मोजायचे ठरले आहे.